बालाजीनं आज एचआयव्हीची टेस्ट केली

मंडळी, मी उमरग्याच्या एका नशामुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. आजची दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. (नावं बदललीत.)

केंद्राच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली ऊन झिरपत होतं. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज झोपेत ऐकू यावा तसा येत होता. इंजेक्शनची नशा सोडायला आलेल्या ड्रायव्हर बालाजीनं दुसऱ्यांच्या सुया वापरल्या होत्या, म्हणून मी त्याला टेस्ट करायला सांगत होते. तो म्हणाला, "मॅडम, टेस्ट नको. एचआयव्ही निघाला तर जगू कसा?"

इथंच नशा सोडलेले काशिनाथकाका शेजारी होते. हळूच म्हणाले, "मला एचआयव्ही असल्याचं वेळेत कळलं म्हणून तर जगलो, बाळा. रोज गोळी घेतो, शेत बघतो, नातवंडं खेळवतो."

बालाजीनं काकांकडं बघितलं. मग उठला. "काका, संगं चला."

सरकारी दवाखान्यात टेस्ट झाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बालाजी लई रडला. मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "गोळ्या आजच सुरू होतील का?"

तुमच्या ओळखीत भीतीनं टेस्ट टाळणारं कुणी आहे? त्याच्यासोबत जाल?