बाबांनी शेजाऱ्याला शिकवलेला वारा

आई गेल्यानंतर बाबा आमच्याकडे दिल्लीतल्या द्वारकेला राहायला आले. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात त्यांनी पोस्टात नोकरी केली आणि सुट्टी मिळाली की स्वतःच्या छोट्या होडीतून गळाने मासे धरले. इथे पहिले काही महिने ते बाल्कनीत बसून विमानं बघत. माझ्याशी बोलणं जेवणापुरतं असे.

समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी शेजाऱ्याशी मात्र त्यांची गट्टी जमली. माझ्याच वयाचा, चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा माणूस. त्याने हौसेने दोघांची कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद, हलकी होडी, घेतली होती, पण मासे धरायचे कसे ते त्याला ठाऊक नव्हतं. मग दर रविवारी दोघं हरियाणातल्या, डोंगरांमधल्या एका तलावावर जाऊ लागले. शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर कणकेत हिंग आणि बडीशेप घालून गळाला लावायच्या गोळ्या वळायचे. बाबा त्याचं मनगट धरून दाखवायचे, दोरी किती सैल सोडायची ते. मोडक्या हिंदीत सांगायचे, "मछली को घाई नहीं होती, तुमको काय को घाई?" आणि तो म्हणायचा, "बिल्कुल, अंकलजी."

माझं मनगट बाबांनी असं कधी धरलं नव्हतं. लहानपणी मी होडीकडे निघालो की ते मला अभ्यासाला परत पाठवायचे. दारात उभा राहून मी हे सगळं बघायचो आणि आतल्या आत जळायचो. शेवटी बायको म्हणाली, तुम्हीही जा की त्यांच्याबरोबर.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी गेलो. तलावाचा एक फाटा दोन टेकड्यांच्या मधे आत शिरलेला होता, आमच्या गावच्या खाडीसारखाच. तिथे वारा लागत नसे, म्हणून ते दोघं तिथेच बसायचे. मी काठावरून एकट्याची कयाक भाड्याने घेतली. दुपारी उशिरापर्यंत त्यांना तीन रोहू मिळाले, मला एकही नाही. प्रत्येक माशाला बाबा हसत होते, शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारत होते. मला ते बघवेना. मी वल्हं मारत फाट्याच्या तोंडातून बाहेर, मोकळ्या पाण्यावर गेलो. त्यांच्याहून मोठा मासा धरायचा, एवढंच डोक्यात होतं.

थोड्या वेळाने मागे वळलो तर बाबा हात उंच करून मला बोलावत होते. मी बघून न बघितल्यासारखं केलं. चौथा मासा दाखवत असतील, असं स्वतःला सांगितलं.

पश्चिमेचं आभाळ तेव्हाच मातकट पिवळं झालं होतं. दहा मिनिटांत आंधी आली. धुळीने काठ दिसेनासा झाला, कयाक आडवी फिरली आणि लाटा आत येऊ लागल्या. मी जीव खाऊन वल्हं मारलं, पण फाट्याचं तोंड लांबच जात होतं. अंगात लाइफ जॅकेट होतं, तरी मी मनापासून घाबरलो होतो.

तेवढ्यात धुळीतून शेजारी आला, एकटाच. बाबांना काठावर उतरवून तो माझ्यासाठी परत फिरला होता. त्याने माझ्या कयाकला दोर बांधला आणि सरळ फाट्याकडे न जाता आधी टेकडीच्या आडोशाला नेलं, मग काठाकाठाने आत. "अंकलजी ने बताया था," तो धापा टाकत म्हणाला, "हवा से लड़ना नहीं, किनारे की ओट पकड़नी है."

काठावर बाबांनी त्याला जवळ घेतलं. मला फक्त डोळे धुवायला पाणी दिलं. परतताना गाडीत ते त्याच्या शेजारी पुढे बसले, मी मागे.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. "बाबा, हे सगळं मला का नाही कधी शिकवलंत?"

बाबा चपला काढता काढता थांबले. "तुला शिकवलं असतं तर तू तिथेच राहिला असतास," ते म्हणाले. "पाण्यावर आलास की उठायचं नाव घ्यायचा नाहीस. तू पाच वर्षांचा होतास, तेव्हाच मला भीती वाटायला लागली. त्याचं काय, तो रविवारपुरता येतो."

मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण माझ्या भल्यासाठी माझ्यापासून लांब ठेवलेली गोष्ट त्याला सहज मिळाली, याची जळजळ उलट वाढली. त्याचे आभार मानायलाही मला दोन दिवस लागले.

पुढच्या रविवारी शेजाऱ्याने आपण होऊन कयाकमधली त्याची जागा मला दिली. मागून बाबा पहिल्यांदाच मला सांगत होते, वल्हं इतकं खोल घालू नकोस. मी हळूच काठाकडे पाहिलं, आता त्याचं तोंड कसं झालंय ते बघायला. तो झाडाखाली मजेत काकडी खात बसला होता. त्याला जराही वाईट वाटत नव्हतं, आणि तेही मला खुपलं.