तीन इंचांनी वाढलेले अण्णा

सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि शांतपणे विचारलं, "मनीषा, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस दोन वर्षांत किती वाढतो?"

"पोटाने का?"

"उंचीने."

मी स्क्रीनकडे पाहिलं. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या अभ्यासातल्या गावचे केदू अण्णा तपासणीच्या मागच्या फेरीत पाच फूट चार इंच होते. या फेरीत पाच फूट सात. शिवाय वजन घटलेलं. आणि फुप्फुसांनी तर कमालच केली होती. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरच्या ब्लोअरवर बसून द्राक्षबागेत औषध मारणाऱ्या अण्णांचा श्वास एखाद्या कबड्डीपटूसारखा आला होता.

"द्राक्षाला मारतात ते टॉनिक चुकून प्यायले असतील," मी म्हणाले.

सर हसले नाहीत. सर फार कमी हसतात. त्यांच्या वाट्याचं मी हसते, अशी आमची ऑफिसातली वाटणी आहे. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात अभ्यासाची कमिटी बसतेय. तोपर्यंत हे काय आहे ते कळलं नाही, तर या गावाचा डेटा मी काढून टाकणार. अख्ख्या गावाचा."

इथे माझंही हसू गेलं. अभ्यासासाठी हे गाव मी उभं केलं होतं. पहिल्या फेरीत दारोदार फिरून, प्रत्येक घरी चहा पिऊन, ॲसिडिटी सोसून.

आमचं काम काय, ते आधी सांगते. माणूस आजारी पडल्यावर त्याला विचारलं, की दहा वर्षांपूर्वी तू काय करत होतास, तर त्याला धड आठवत नाही. म्हणून आम्ही उलट्या टोकाने सुरुवात करतो. धडधाकट माणसांचा एक गट निवडतो. त्यात कोण औषध मारतं, कोण मारत नाही, हे लिहून ठेवतो. मग वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे परत परत जातो आणि कोणाचं काय होतं ते बघतो. या गटाला कोहोर्ट म्हणतात. साधा सर्व्हे म्हणजे लग्नातला एक फोटो. कोहोर्ट म्हणजे लग्नाचा सगळा व्हिडिओ. त्यात मधेच नवरदेव बदलला, तर पुढचं बघण्यात अर्थ राहत नाही. आमचा नवरदेव तीन इंचांनी वाढला होता.

श्वास मोजायच्या यंत्राला स्पायरोमीटर म्हणतात. नाकाला चिमटा लावायचा, छातीभर हवा घ्यायची आणि नळीत जीव खाऊन फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, यावरून श्वासनळ्या किती मोकळ्या आहेत ते कळतं. लोक मधेच थांबतात, म्हणून तपासणाऱ्याने शेजारी उभं राहून ओरडायचं असतं. देवाने मला याच कामासाठी घडवलंय. "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर मी हा खेळ लावला, की समोर प्रेक्षक जमायचे. टाळ्या पडायच्या. गावाने मला 'फुंकणीवाली ताई' असं नाव ठेवलं आणि मी ते मेडलसारखं मिरवलं.

मागच्या फेरीनंतर मला बढती मिळाली. मी नाशिकच्या ऑफिसात बसून याद्या तपासू लागले आणि या फेरीला गावात नवी सहकारी गेली. तिच्याकडे नावं होती, पण चेहरे तिच्या ओळखीचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी पर्समध्ये उंची मोजायची टेप टाकून मी गाव गाठलं. अण्णांचा धाकटा भाऊ सुनील बागेत काड्या बांधत होता. मला बघून तो सरळ उभा राहिला. टेप काढायची गरजच पडली नाही.

"सुनील, या वेळी फुंकायला कोण आलं होतं?"

"मीच की," तो म्हणाला. लाजलासुद्धा नाही. "अण्णाला टाइम नव्हता. घरटी एक माणूस लागतंय ना?"

मी बांधावर बसूनच घेतलं. गावात मयताला घरटी एक माणूस जातो. देवळाचा स्लॅब टाकायला घरटी एक. चारी साफ करायला घरटी एक. कोण जाणार ते घर ठरवतं, आणि जाणारा घराच्या नावाने हजेरी लावून येतो. आम्ही पहिल्या वर्षी प्रत्येक घरातला एकेक माणूस निवडला, तेव्हा गावाने आम्हालाही त्याच खणात ठेवून दिलं होतं.

"तुमची मॅडम एवढ्या लांबून आली," सुनील मला समजावत होता. "तिला रिकामं माघारी लावलं असतं, तर बरं दिसलं असतं का? आणि अण्णापेक्षा मी लय भारी फुंकलं. तुम्ही बघितलं का?"

"बघितलं. म्हणूनच आले."

मग मी यादी घेऊन घरोघरी फिरले. अकरा घरांनी बदली माणूस पाठवला होता. एका घरी सासूच्या नावावर सून फुंकून आली होती आणि यंत्राने साठीच्या सासूबाईंना शंभरपैकी एकशे चाळीस मार्क दिले होते. सासूबाई ओसरीवर बसून ऐकत होत्या. त्यांना निकाल पसंत पडला.

मी सरांना फोन केला. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तो मला स्पायरोमीटरशिवाय ऐकू आला. "मग सोपं आहे," ते म्हणाले. "अकरा रीडिंग रद्द कर. 'उपस्थित नाही' असं लिही. बाकीचं गाव वाचलं."

मी गाडीची किल्ली काढली होती. पण ती अकरा नावं मनातून जाईनात. शाळेतले मास्तर स्वतः आले होते. किराणा दुकानदार गल्ला सोडून आला होता. मग न आलेले अकरा कोण? सगळे ब्लोअरवर बसणारे, पाठीवर पंप घेणारे. सासूबाईसुद्धा वर्षानुवर्षं टाकीत औषध कालवून देणाऱ्या. वेळ फक्त यांनाच कसा नव्हता?

मी परत अण्णांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, मंदावहिनींनी, चहा दिला. मी म्हटलं, "वहिनी, खरं कारण सांगा."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "मागच्या टायमाला ते ओट्यावर फुंकले ना, तेव्हा त्यांना खोकल्याची उबळ आली. नाकाचा चिमटा उडाला. तुम्ही म्हणाल्या, अण्णा, ट्रॅक्टर सुरू होईना वाटतं. सगळा ओटा हसला."

मला आठवलं. तो विनोद मी ऑफिसातही सांगितला होता. दोनदा.

"तवापासून ते म्हणतात, मला नाय जायचं त्या तमाशाला."

माझा चहा हातातच गार झाला. मी कप तसाच खाली ठेवला आणि यादी उचलली. बाकीच्या घरी पुन्हा विचारलं, तर बहुतेक ठिकाणी तेच निघालं. दम लागतो, खोकला येतो, चारचौघांत शोभा नको.

आता सरांचा सोपा उपाय बघा. हे अकरा जण 'उपस्थित नाही' म्हणून सोडून दिले, तर औषध मारणाऱ्यांपैकी ज्यांची छाती ठणठणीत आहे तेवढेच मागे उरणार. मग आमचा अभ्यास छातीठोकपणे सांगणार, की फवारणीने श्वासाला काही होत नाही. कोहोर्टमधून माणसं गळतात, ते चालतं. पण नेमकी दम लागणारी माणसं गळली, तर जमवलेला सगळा डेटा एका सुरात खोटं बोलतो.

सरांना हे फोनवर सांगितलं, माझ्या विनोदासकट. ते म्हणाले, "यंत्र कुठे आहे?"

"माझ्या गाडीत."

"मग फोन कशाला केलास?"

अण्णा दुपारी बागेतून आले. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, ते कळलं नाही. खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत ते एवढंच म्हणाले, "दार लावून घ्या. आणि वरडायचं नाय."

आम्ही आतल्या खोलीत बसलो. मी आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत म्हटलं, "फुंका अण्णा. अजून थोडं. अजून." ते मला किती जड गेलं, ते माझ्या घरच्यांना विचारा. पहिल्या वेळी उबळ आली. आम्ही थांबलो. वहिनींनी पाणी दिलं. नीट झालेले तीन प्रयत्न लागतात. ते मिळायला पाऊण तास गेला.

"किती आलं?" अण्णांनी विचारलं.

"उंची बरोबर आली. पाच फूट चार."

ते पहिल्यांदा हसले.

"श्वास मात्र कमी आलाय, अण्णा. छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं. नाशिकला मी सोबत येते."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "ब्लोअरवरून उतरलो की ओट्यापत्तोर जाववत नाय. पण माझ्या नावावर सुनील पास झाला म्हणल्यावर मलाबी जरा बरं वाटलं होतं."

पुढच्या पाच दिवसांत, अण्णा धरून, अकरापैकी नऊ जणांचे श्वास मिळाले, सगळे बंद दाराआड. एकजण लेकीकडे चांदवडला गेला होता, त्याला तिथे जाऊन गाठलं. एकाने साफ नकार दिला. त्याच्यापुढे 'नकार' असं लिहिलं, कारण तीही माहितीच असते. कमिटीसमोर सरांनी काही न लपवता सगळं मांडलं. गाव अभ्यासात राहिलं. आमच्या नियमावलीत एक ओळ वाढली: तपासणी बंद खोलीत करावी, प्रेक्षक नसावेत. ती ओळ कोणामुळे आली, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. सर मला बघून तेवढ्यापुरते हसतात.

अण्णांना आता इन्हेलर आहे. ब्लोअरवर सुनील बसतो. मास्क नीट कसा बांधायचा ते मी त्याला शिकवलं आणि त्याचा मिशा दाखवण्याचा हट्ट मोडून काढला.

या वर्षीच्या फेरीला अण्णा स्वतः आले. चपला काढून भिंतीला टाचा लावून ताठ उभे राहिले. "ताई, आधी उंची घ्या," ते म्हणाले. "मी आलोय का भाऊ, ते कळू द्या मशिनला."

पाच फूट चार. मी आता सगळ्यांचीच उंची आधी घेते. पन्नाशीला टेकलेला माणूस वाढलेला दिसला, तर तो आलेलाच नसतो. आणि तो का आला नाही, हे त्याच्या घरी विचारल्याशिवाय त्याचं रीडिंग खोडायचं नसतं. उत्तर आपल्याच तोंडून निघालेलं असू शकतं.