रुबिनाचा गुडघा

अकोल्यात औषधाच्या दुकानात मलमाचा उग्र वास आला आणि अमरावतीच्या मैदानामागची खोली आठवली. वलगावची रुबिना शाळेपासून बास्केटबॉल खेळायची. तिला परदेशातल्या लीगचं बोलावणं आलं होतं. मी बातमीसाठी गेलो, तेव्हा ती सुजलेल्या गुडघ्याला मलम चोळत होती.

"दादा, हे लिहू नोका. त्यायले समजलं तं मले नेनार नाई."

"डॉक्टरले दाखवलं का?"

"तुमी पेपरवाले हा का माही माय?" ती हसली.

गावच्या खेळाडूची निवड झाली की आम्ही फक्त अभिनंदन छापायचो. मी गुडघा वगळला. तिकडे तिसऱ्याच सामन्यात तो निकामी झाला आणि तिचा खेळ संपला.

तेव्हा ते न छापणं मला तिच्यावरचे उपकार वाटले होते. आता कळतं, तिची सूज पाहिलेला आणि तिला थांबवू शकणारा माणूस मी एकटाच होतो.