काळ्या बुरशीचा आळ

हात धुतलेत का तुम्ही? लागलं ना? आमच्या गल्लीतल्या एका मुलीला विद्यापीठात हा प्रश्न रोज विचारतात, सगळ्यांदेखत, आणि फक्त तिलाच. म्हटलं, तुम्हीही एकदा चव घेऊन बघा.

पोरगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, एमएस्सीचं शेवटचं वर्ष. तिची आई इस्पितळाच्या चादरी धुते. रक्ताच्या, पुवाच्या, ओकाऱ्यांच्या. घरामागे पत्र्याखाली मोठं चुलाण, त्यावर कायम उकळतं पाणी, आणि ब्लीचिंगचा असा वास की माशीसुद्धा दारातून माघारी फिरते. मी शेजारीण. रक्ताचं नातं नाही, पण ती मला मावशी म्हणते. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण मोर्चात आणि पोलीस चौकीत झालं. तेव्हा इथे जंतूंचं जे लिहितेय, ते तिनं माझ्यापुढे डोकं आपटून आपटून शिकवलेलं आहे.

आईच्या मोरीच्या पाण्यात साबणावर जगणारे जंतू शोधायचे, हा तिचा प्रकल्प. चपट्या काचेच्या डबीत, तिला प्लेट म्हणतात, खळीसारखं खाद्य ओतून थिजवायचं, त्यावर तारेनं जंतूंच्या रेघा ओढायच्या आणि डबी उबेला ठेवायची. एक जंतू तिला खरंच सापडला. आई म्हणाली, "माझा साबण फुकटात खाऊन कोण माजलंय, दाखव तरी मला."

आणि मग प्रयोगशाळेत काळी बुरशी निघाली. हिच्याच नव्हे, सगळ्यांच्या प्लेटांवर काळे ठिपके. महिनोन्‌महिन्यांची कामं कचऱ्यात गेली. दोष कुणाचा, हे शोधायला कुणी भिंगसुद्धा काढलं नाही. वर्गातल्या एका शहाणीनं नाक मुरडून म्हटलं, "हिच्या घरी रोग्यांच्या चादरी येतात." झालं! दुसऱ्या दिवसापासून तिचं नावच 'बुरशी' पडलं. विभागप्रमुखांनी तोंडी सांगून टाकलं की सोमवारपासून प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. प्रयोगशाळा नाही म्हणजे प्रकल्प नाही, प्रकल्प नाही म्हणजे पदवी नाही. तिच्या मार्गदर्शक मॅडम तिथेच उभ्या होत्या. चष्मा पुसत. काचा झिजल्या असतील बाईंच्या, इतका पुसला.

आईला हे कळलं तेव्हा ती पिळून ठेवलेली चादर परत पाण्यात आपटत म्हणाली, "आमच्या घरात जंतूला राहायचं असेल तर आधी मला विचारावं लागतं! येऊ दे तुझ्या साहेबाला, उकळून काढते."

पोरगी रडली नाही. तिचा संशय होता लॅमिनारवर. हे हवा गाळणारं कपाट. आतला पंखा गाळलेली हवा सोडतो आणि त्या हवेत सगळे आपापल्या प्लेटा उघडतात. प्रमुखांनी मोठ्या हौसेनं आणवलेलं, फीत कापून सुरू केलेलं. तेव्हापासून त्याची गाळणी कुणी बदलली असेल तर मी मिशा लावीन. सोमवार उजाडायच्या आत तिनं कोऱ्या प्लेटा घेतल्या आणि झाकणं काढून थोडा वेळ उघड्या ठेवल्या. एक त्या कपाटात, एक व्हरांड्यात, एक आईच्या चुलाणाशेजारी, अशा. मग झाकून उबेला. हवेत जे असेल ते आपोआप पडतं आणि उगवतं. उगवलं! एक प्लेट काळीकुट्ट झाली, बाकीच्यांवर किरकोळ ठिपके. काळी होती ती कपाटातली.

आम्ही दोघी प्लेटा घेऊन प्रमुखांच्या खोलीत गेलो. गार खोली, काचेचं टेबल.

"आपण कोण?" त्यांनी मला विचारलं.

"मावशी."

"सख्खी?"

"भांडणापुरती सख्खी."

त्यांना हसू आलं नाही. काळी प्लेट उचलून त्यांनी ती उलटी केली, तळ पाहिला, परत सुलटी केली. तळ कोरा होता. ठिकाणाचं नाव झाकणावर लिहिलेलं.

"झाकणावर लिहिलंस? पहिल्या वर्षाची पोरंही तळावर लिहितात. झाकणं बदलली तर? कदाचित ही तुझ्या आईच्या मोरीवरची असेल."

"सगळ्या घरी आणून एकदम तपासल्या, सर. पण झाकणं मी जपून ठेवली होती."

"एकही इकडची तिकडे झाली नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतेस?"

मी तिला टेबलाखालून लाथ मारली. हो म्हण, एवढाच त्या लाथेचा अर्थ. पाय मागे घेत ती म्हणाली, "नाही, सर. शंभर टक्के नाही सांगू शकत."

"मग विषय संपला."

"संपला कसा? परत ठेवू या, तुमच्यासमोर! कपाट उघडा!" मी टेबलावर हात आपटला. त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपाई बिचारा दाराशी येऊन मलाच म्हणाला, "चला ना ताई, माझी नोकरी जाईल."

बाहेर पायऱ्यांवर मी तिच्यावर तुटून पडले. "हो म्हणायला काय जीव जात होता तुझा?"

"मला खात्री नव्हती, मावशी."

"त्याला तरी कुठे होती?"

"हा काय तुझा पाण्याचा मोर्चा आहे? पाचशे आले की पाच हजार सांगायचे?"

मला असा राग आला की परत येताना मी तिच्याशी बोलले नाही. अजूनही तो पुरता गेलेला नाही. ती चुकली, ढळढळीत चुकली, आणि स्वतःच्या तोंडानं कबूलही केलं. पण त्या एका चुकीनं कपाट स्वच्छ ठरत नाही, हे तरी मान्य कराल? तिच्या हाताला कुलूप लागलंय, कपाटाला कुणी बोटही लावत नाही. आता बुरशी कुणामुळे आली ते ठरवायला समिती बसणार आहे. समितीत कोण? प्रमुख, प्रमुखांचे मित्र, आणि चष्मा पुसणाऱ्या मॅडम.

तिला आत पाऊल टाकता येत नाही. तुमच्या मुलीला, भाचीला, सुनेला येतं. मला माहीत आहे, ती त्याच वर्गात आहे, आणि हे वाचताना तुम्ही तिचाच चेहरा आठवताय. आज घरी आली की तिला जवळ बसवा आणि सांगा, उद्या त्या कपाटात एक प्लेट उघडी ठेव, चार जणांसमोर, आणि जे काही उगवेल ते समितीच्या टेबलावर नेऊन आपट.