तीन गडवे पाणी

माझ्या बाबांना मी त्या दिवशी जे बोलले, ते अजून परत घेतलेलं नाही. रोज सकाळी ठरवते की आजही घ्यायचं नाही. राग उतरू द्यायचा नाही, कारण तो उतरला की माझ्या वाट्याला काय येईल ते मला ठाऊक आहे.

आर्वीच्या घरात आम्ही दोघंच राहायचो, बाबा आणि मी. दोघंही मास्तर, ते निवृत्त, माझी पाच वर्षं उरलेली. मी लग्न केलं नाही, आई गेली, आणि काचबिंदूनं बाबांची नजर हळूहळू नेली. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. पण घरात ते कुठेही अडखळत नाहीत. ओट्याच्या पायऱ्या किती, नळ कुठे, खाट कुठे, सगळं पायांना पाठ. दुसऱ्या घरात नेलं तर ते खुर्चीवरून उठायलाही घाबरतात. म्हणून त्यांना हे घर सोडवत नाही आणि मला त्यांना सोडून जाता येत नाही.

गाडी बावीस वर्षांची. निवृत्तीनंतर हौसेनं घेतली त्यांनी. नजर गेल्यावर किल्ली माझ्याकडे आली, पण एक काम त्यांनी सोडलं नाही. सकाळी उठायचं, बोरिंगच्या नळावर गडवा भरायचा, बॉनेट उघडायचं आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं. गडवा म्हणजे आमच्याकडचा तांब्या. तोंडापर्यंत पाणी आलं की आवाज बदलतो, त्यावरून त्यांना कळायचं. मग आत येऊन सांगायचे, "गाडीले पाणी पाजलं." आष्टीकडे आजोबांच्या घरी बैल जुंपण्याआधी पाणी पाजत, तिथून उचललेला शब्द. आमच्या गाडीच्या मिस्त्रीनं दोनदा सांगितलं होतं की गुरुजी, बोरिंगच्या पाण्यात क्षार आहेत, कूलंट टाका. बाबा म्हणाले होते, बैलाले कोणी सरबत पाजते का? मी हसले होते. तेव्हा हसायला काय जात होतं माझं!

मुख्याध्यापक म्हणून माझी पदोन्नती झाली आणि वर्ध्याला समुपदेशनासाठी बोलावणं आलं. ज्येष्ठतेप्रमाणे नाव पुकारतात, समोर रिकाम्या शाळांची यादी असते, आपण शाळा निवडायची. नाव पुकारलं तेव्हा हजर नसाल तर सगळ्यांच्या शेवटी. माझा नंबर चौदावा. यादीत आर्वीपासून सहा किलोमीटरवरची एक शाळा होती. माझ्या आधीच्या तेराजणांपैकी कोणालाच आर्वीकडे यायचं नव्हतं. मी एकेकाला फोन करून विचारलं होतं. म्हणजे ती शाळा माझीच होती. मला फक्त अकरा वाजता तिथे उभं राहायचं होतं.

त्या दिवशी मी आठला निघाले. बाबांनी पाणी पाजलं, मला सावकाश जा म्हणाले. एरवी गाडी शाळेपर्यंत आठ किलोमीटर जाते आणि परत येते. त्या दिवशी एवढ्या लांब, उन्हाची निघाली. खरांगणा मागे पडलं आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला. बघता बघता लाल पट्ट्यात गेला. मागे पाहिलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर. मी गाडी बाजूला घेतली.

पाच मिनिटांत तीन माणसं जमली. मदतीला माणूस धावून येतो हे आमच्या भागाचं भूषण आहे आणि त्या दिवशी मला त्याचा मनस्वी वैताग आला. पहिला प्रश्न, साहेब कुठे आहेत? साहेब नाहीत, मीच आहे, म्हटलं. मग त्यांनी आपसात चर्चा सुरू केली, जणू मी गाडीचं सीट कव्हर आहे. इंजिन निवू द्यावं असं मी म्हणत होते. एक आर्वीकडे जाणारी एसटी गेली, तिचा उपयोग नव्हता. मग वर्ध्याकडे जाणारी आली. मी हात करायला पुढे झाले, तर त्यातले सगळ्यात वडीलधारे म्हणाले, "बाई, बस कायले? पाणी टाकलं का चालते."

चालते. या एका शब्दावर आमचा अख्खा जिल्हा चालतो. टायर गुळगुळीत झाला, चालते. छत गळून राह्यलं, चालते. आणि मला घाई होती, म्हणून मीही त्या शब्दावर विश्वास ठेवला. बस जाऊ दिली. त्यांनी कॅनमधलं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं, वाफेचा फवारा उडाला, सगळे मागे सरले. गाडी सुरू झाली. दोन किलोमीटर चालली आणि आंजीच्या अलीकडे जी बंद पडली, ती चावीला खोकूनही उत्तर देईना. पुढची बस भरलेली होती, थांबली नाही. शेवटी एका काळीपिवळी जीपमध्ये मांडीवर कोणाचं तरी गाठोडं घेऊन मी वर्ध्याला पोचले. सभागृहात शिरले तेव्हा एकतिसावं नाव चालू होतं.

आर्वीजवळची शाळा गेली होती. जिनं घेतली तिला तरी काय दोष द्यायचा, तिच्यासमोर रिकामी जागा होती. माझ्यापर्यंत यादी आली तेव्हा दोन नावं उरली होती, दोन्ही जाम गावाच्या पलीकडे, समुद्रपूर तालुक्यात. जिल्ह्याचं हे टोक आणि ते टोक. रोज जाणं-येणं शक्यच नाही. नकार देता येत होता, पण पाच वर्षांत पुन्हा संधी आली नसती, आणि माझ्यानंतर नोकरीला लागलेल्यांच्या हाताखाली निवृत्त व्हायला मी तयार नव्हते. एका शाळेवर बोट ठेवलं आणि सही केली.

संध्याकाळी बसनं घरी आले. बाबा ओट्यावर होते. त्यांनी आधी विचारलं, गाडी कुठी आहे? मला कुठली शाळा मिळाली हे नंतर. तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या सांगते म्हणाले आणि आत गेले. दिवसभर मी मिस्त्रीला शिव्या घालत होते. दिवाळीनंतर गाडी त्याच्याकडे दाखवली होती, सगळं ठीक आहे म्हणाला होता. त्याला फाडून खायचं ठरवूनच दुसऱ्या दिवशी गेले.

गाडी ओढून आणलेली होती. त्यानं मला काही बोलू दिलं नाही. ऑइलची पट्टी काढून दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. हेड गॅस्केट गेलं, म्हणाला. इंजिनचं वरचं आणि खालचं धूड यांच्यामधला पत्रा फाटला की पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. रेडिएटरच्या तोंडाशी पांढरा थर बोटानं खरवडून माझ्या हातावर ठेवला.

"मॅडम, हे काही कालचं नाई. दोन-तीन महिन्यांपासून ही गाडी पाणी पिऊन राह्यली. तुम्हाले कमी झालेलं दिसलं नाई, कारण कोणीतरी रोज भरून राह्यलं."

मी घरी आले. बाबा खाटेवर बसले होते. मी विचारलं की गाडीला रोज किती पाणी लागत होतं. ते लपवायला जातील असं वाटलं होतं. नाही लपवलं. आधी अर्धा गडवा लागत होता, म्हणाले. मग एक. संक्रांतीनंतर तीन.

मग मी ते बोलले. "डोळ्यासंगं अक्कलही गेली का तुमची?" असं, जसंच्या तसं. आयुष्यात त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. तो सगळा साठा त्या एका वाक्यात निघाला. समुद्रपूरचं सांगितलं, आता स्वयंपाकाच्या बाईच्या भरवशावर राहा म्हटलं, एका खटाऱ्यापायी तुम्ही आपल्या दोघांचं वाटोळं केलं म्हटलं.

ते थोडा वेळ हातांनी खाटेची पट्टी चाचपत राहिले.

"तुले सांगतलं असतं त तू गाडी इकली असती."

"हो. इकलीच असती."

"मंग सकाळी मी कायले उठलो असतो?"

त्या प्रश्नाचाही मला राग आला. कारण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो नळ समोरच दिसतो. डबा भरताना मी त्यांना रोज बघत होते. एकदा नळावर, एकदा गाडीकडे, पुन्हा नळावर, पुन्हा गाडीकडे. तीन फेऱ्या. माझे डोळे चांगले आहेत. मी फेऱ्या कधी मोजल्या नाहीत. बाबांचा वेळ बरा जातो, एवढंच मला वाटायचं.

मिस्त्रीनं हेड उतरवून घासून आणलं, नवीन गॅस्केट बसवलं, रेडिएटर धुऊन हिरवं कूलंट भरलं. म्हणाला, आता वर्षभर झाकणाला हात लावायचा नाही. सोमवारी मी सामान भरून निघाले तेव्हा बाबा भरलेला गडवा घेऊन ओट्याच्या खाली उभे होते. आता पाणी लागत नाही, मी म्हटलं. मी किल्ली फिरवली तरी गडवा त्यांनी खाली ठेवला नव्हता.

इथून मी दर शनिवारी घरी जाते. बाकीच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन येतो. जेवण झालं का, शाळा कशी आहे, असं काही विचारत नाहीत. गाडी पाणी पिते का, तेवढंच विचारतात. तीन गडवे प्याली, एवढं खोटं बोलले तर त्यांचा दिवस बरा जाईल, हे मला कळतं. मी खरं तेच सांगते, नाई पीत. ते बरं म्हणतात आणि फोन ठेवतात.

पहिल्या महिन्यात त्यांचा फोन सहाला यायचा. मग आठला यायला लागला. काल साडेनऊला आला. किती वाजता उठले, हे मी विचारलं नाही.