साडूभाऊंची वयांची वही

माणसाच्या वयावर काडीचाही विश्वास नसलेला असा दुसरा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. बायका वय लपवतात असं लोक म्हणतात. आमचे थोरले साडूभाऊ म्हणतात, बायकांवर कशाला जाता, सगळा तालुकाच थापा मारतो. मलकापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, मोताळ्याजवळच्या आपल्या गावी परतले आणि गावाची आयुर्मान सारणी करायला बसले. म्हणजे कोणत्या वयाच्या माणसाची सरासरी किती वर्षं उरली, त्याचा तक्ता. वय वाढत जाईल तशी उरलेली वर्षं कमी. निवृत्तीनंतर करायची ही काय गोष्ट झाली? लोक अंगणात शेवगा लावतात.

पण तक्त्याला वयं खरी लागतात, आणि तिथंच त्यांचं डोकं फिरलं. जनगणनेचे जुने आकडे माझ्यापुढं आपटून ते म्हणत, "हे पहा, पन्नाशीचे ढीगभर, आणि एकोणपन्नासचे शोधावे लागतात. पंचेचाळीसचा माणूस उडी मारून थेट पन्नासवर बसते. मधली चार वर्षं हा राह्यते कुठी?" मग वही घेऊन स्वतःच दारोदार. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडत होता की पाळण्यात होता, इथून उलटतपासणी सुरू. मोताळ्याच्या बाजारात वांगी घेता घेता त्यांनी विकणारीला वय विचारलं. साठ, म्हणाली. मागच्या साली? तेव्हाही साठच. वाढत काऊन नाही, असं यांनी विचारल्यावर ती म्हणाली, "मले काय कराचं हाय वाढवून? वांगे घ्याचे हायेत का नाही?" साडूभाऊ रिकाम्या पिशवीनं घरी आले आणि मेव्हणीनं त्या दिवशी सगळ्यांना पिठलं वाढलं.

एकदा मलकापूरच्या स्टँडवर एकानं वय सत्तेचाळीस सांगितलं. साडूभाऊंना इतकं भरून आलं की त्याला दोन कचोऱ्या खाऊ घातल्या. पुढं कळलं, गडी बावन्नचा, आणि दुसरपणाची सोयरीक जमवायला निघाला होता! एका तेरवीला तर त्यांनी फोटोपुढं उभं राहून मुलाला समजावलं, की तुझे वडील सत्तरचे नव्हे, सदुसष्टचे गेले. जावई उठायच्या आत मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. माझं जेवण राहिलं ते राहिलंच.

वही पुरी झाली तरी एक ओळ मात्र वर्षभर कोरी होती. त्यांच्या आईची. दुष्काळात आपण दहा वर्षांचे होतो आणि माय एकतीसची, हे त्यांनीच मला बोटांवर मोजून पटवलं होतं. म्हणजे आता चौऱ्याऐंशी. लिहा की मग, म्हटलं, तर "लिहू ना, घाई काय" म्हणून टाळायचे.

गेल्या महिन्यात माय न्हाणीत घसरून पडली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा मी भेटायला गेलो. ती ओसरीवर उन्हात पडून होती. साडूभाऊंनी वही उघडली आणि हळूच विचारलं, "माय, तुहं वय किती?"

"असन ऐंशी," ती डोळे मिटूनच म्हणाली.

आता दुष्काळ निघणार म्हणून मी सरसावून बसलो. साडूभाऊंनी मुकाट्यानं ऐंशी लिहिलं. मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, चौऱ्याऐंशी ना?

"ऐंशीच्या ओळीत जास्त वर्षं हायेत, भाऊ," ते म्हणाले.

वही मिटून ते मायच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसले.