सायबर कॅफेतलं नीतिशास्त्र

अमरावतीच्या कॉलेजात तत्त्वज्ञानात एम.ए. करणाऱ्या आम्ही मूठभर. ग्रंथालयात एक कपाट, त्यात बहुतेक गाइडं. त्यातली उत्तरं पाठ करून लोक पास होत. मला ते जमत नव्हतं, म्हणजे खरं तर मला त्यात कमीपणा वाटायचा. म्हणून मी हॉस्टेलजवळच्या सायबर कॅफेत जाऊ लागले. कॅफे पूर्वी एसटीडी बूथ होता आणि काचेच्या खोपटातला फोन अजून चालू होता. त्यावरून मी दर रविवारी घरी बोलायची. मालक वयस्क मुसलमान गृहस्थ, कमी बोलणारे. भारनियमनाची वेळ दारावर खडूने लिहून ठेवायचे.

मराठीत शोधलं की बुवांची प्रवचनं निघत. मग इंग्रजीत शोधायचं. तिथे गाळ इतका, की मी माझे नियम करून टाकले. पान लुकलुकत असेल तर बंद. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली संदर्भ नाहीत, तर बंद. आणि विरुद्ध बाजू अशी मांडलेली हवी, की त्या बाजूच्या माणसानेही मान डोलवावी. या चाळणीतून फार थोडं उरायचं. काही परदेशी विद्यापीठांनी प्राध्यापकांचे लेख फुकट ठेवले होते, ते सापडले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

सरांनी निबंधाला विषय दिले, त्यातला एक होता: स्वतःचा जीव घेणं कधी नैतिक असू शकतं का? वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा आकडा पहिल्या पानावर चौकटीत येत होता. मी विषय निवडला तो त्यामुळे नाही. चांगले लेख याच विषयावर जास्त होते, एवढंच कारण.

निवडलेली पानं छापायला दिली. प्रिंटर मालकांच्या टेबलामागे होता. मथळ्यातला 'सुसाइड' हा इंग्रजी शब्द त्या वर्षांत वऱ्हाडात शाळा न पाहिलेल्यांनाही कळायचा. मालकांनी पानं पाहिली, मग मला पाहिलं.

"घरी सगळं बरं हाये ना, बेटी?"

"हो," मी म्हणाले आणि पानं घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर कॅफेत बाबा बसलेले. अकोल्याकडच्या आमच्या गावाहून पहाटे निघून, बडनेऱ्याला उतरून आले होते. कापसाची वेचणी चालू होती, ती टाकून. मांडीवर पिशवी, चप्पल पायातच.

"राग नको धरू," मालक म्हणाले. "फोन मीच केला. नंबर बूथच्या वहीत होता. रोज पेपरात वाचून राह्यलो आमी बी."

मला रागच आला. चारचौघांत शोभा झाली असं वाटलं. मी बाबांना म्हटलं, "हा अभ्यास आहे."

"असा अभ्यास कोन देते?"

"कॉलेजात देतात, बाबा."

"मंग वाच. मले आयकू दे."

मी माझ्या पिशवीतून पानं काढली आणि वाचायला लागले, एकेक वाक्य मराठीत सांगत. मालक उभे राहून ऐकत होते. पहिला लेख म्हणत होता, ज्याचं आयुष्य त्याचा त्यावर हक्क. बाबा म्हणाले, "हे लेहेनाऱ्याले लेकरू नसन." दुसरा म्हणत होता, माणूस एकट्याचा नसतो, मागे राहणाऱ्यांचं त्याच्याकडे देणं असतं. तिसऱ्यात दुःख सोसण्याला मर्यादा असावी का, याची चर्चा होती. ती मला नीट सांगता आली याचं समाधान वाटल्याचं आठवतं. गिऱ्हाइकं येत होती, मालक त्यांना हातानेच थांबायला सांगत होते.

वाचून झालं. बाबांनी विचारलं, "याच्यातलं तुले कोनतं पटते?"

हा प्रश्न असा विचारायचा नसतो, असं आम्हाला शिकवलं होतं. पटतं काय हे महत्त्वाचं नाही, टिकतं काय ते पाहायचं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "अजून ठरलं नाही, बाबा. सगळ्या बाजू पाहते आहे."

त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा मला कळलं, मी कुणाला काय सांगून बसले ते. सावरायला तोंड उघडलं, पण बाबांनी पिशवी मांडीवरून उतरवून खाली ठेवली.

"ठरव," ते म्हणाले. "तवरिक मी इथंच बसतो."